सड्यावरच्या गवतातला शिंजीर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरून सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट, गवताळ पठारे, पिवळे पडू लागले की पक्ष्यांविषयीच्या पत्रांत भर पडते. या अंकासाठी निवडलेले प्रश्न फुलांतील मकरंद पिणाऱ्या लहान पक्ष्यांविषयीचे आहेत. पहिल्या पत्रातील निरीक्षण विशेष काळजीपूर्वक केलेले आहे आणि त्याच्या उत्तरातून इतरांच्याही बऱ्याच शंका फिटण्यासारख्या आहेत, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या गावामागच्या सड्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, वाळत आलेल्या उंच गवतात, चिमणीपेक्षा पुष्कळ लहान असा एक पक्षी दिसला. पाठ मळकट, हिरवट तपकिरी. पोट फिकट पिवळे. आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ. गवताच्या वर डोके काढलेल्या, काटेरी गोल गेंदांतून नारिंगी फुले येणाऱ्या एका रानटी झाडावर तो बसला होता आणि एकेका फुलात चोच खुपसत होता. पक्ष्यांच्या पुस्तकात गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची सगळी पाने पाहिली, पण त्यांत तो सापडला नाही. मकरंद पिणारा असा गवताळ भागातला पक्षी गोव्यात आहे का? असल्यास तो नेमका कसा ओळखावा?
— एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : आपण पाहिलेला पक्षी जांभळ्या शिंजिराचा नर होता. शिंजिरांनाच सूर्यपक्षी असेही म्हणतात. जांभळा हे नाव आणि आपण वर्णिलेला मळकट पिवळा पक्षी यांचा मेळ बसत नाही असे आपल्याला वाटेल. पण हा नर वर्षभर एकाच वेषात राहत नाही. विणीच्या हंगामात तो लांबून सर्वांगी काळा दिसतो आणि ऊन पडले की त्या काळ्यावर निळी, जांभळी, हिरवी झळाळी उमटते. वीण आटोपल्यावर ही पिसे गळतात आणि मादीसारखी, वरून हिरवट तपकिरी व खालून पिवळी पिसे येतात. हनुवटीपासून पोटापर्यंत उतरणारी काळी रेघ आणि खांद्याजवळची थोडी चकचकीत निळी-काळी पिसे एवढीच काय ती नराची खूण मागे राहते. साधारणपणे पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत त्याचा हा वेष असतो, तेव्हा आपल्या निरीक्षणाचा महिना आणि ती रेघ दोन्ही एकमेकांशी जुळतात. मादीच्या अंगावर अशी रेघ नसते. तिची खालची बाजू एकसारखी फिकट पिवळी असते. वाढीच्या वयातील तरुण नरालाही अशी रेघ येते, त्यामुळे केवळ रेघेवरून पक्ष्याचे वय सांगता येत नाही. खांद्यावरची चमक ठळक दिसली असेल तर तो पूर्ण वाढलेला नर होता असे मानावे.

गवताळ प्रदेशातील पक्ष्यांच्या पानांवर तो का मिळाला नाही, याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. गवताला फुले येतात, पण त्यांचे परागीभवन वारा करतो. कीटकांना किंवा पक्ष्यांना बोलावण्याची त्यांना गरज नसल्यामुळे त्या फुलांत मकरंद तयार होत नाही. म्हणजे केवळ गवत असलेल्या माळावर मकरंद पिणाऱ्या पक्ष्याला पिण्यासारखे काहीच नसते. तो तिथे येतो तो गवतात उगवलेल्या इतर झाडांसाठी, आणि आपण वर्णिलेले झाड अशांपैकीच एक आहे. ती दीपमाळ. चौकोनी, सरळ उभे खोड, त्यावर ठरावीक अंतराने चढत गेलेले काटेरी गेंद आणि त्यांतून बाहेर येणारी, लव असलेली, लांबट नळीची नारिंगी फुले हे तिचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. मूळची आफ्रिकेच्या उष्ण भागातली मानली जाणारी ही वनस्पती आता आपल्याकडे पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला आणि सड्यांच्या काठाने पावसाळ्यानंतर फुलते. फुलाची नळी लांब आणि किंचित बाकदार, रंग लालसर नारिंगी, बसायला टणक गेंद. शिंजिराच्या चोचीला आणि पायांना हवे ते सर्व तिथे एकत्र मिळते. म्हणून गवताळ सड्यावर शिंजीर शोधायचा असेल तर आधी दीपमाळ शोधावी आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर शांतपणे थांबावे, हा माझा सर्वांत खात्रीचा सल्ला आहे. मकरंद उपसून गेलेला पक्षी काही वेळाने त्याच झाडाकडे परत येतो.

जांभळ्या शिंजिराची लांबी चोचीसकट सुमारे 10 सेंटिमीटर असते. चोच काळी, बारीक आणि खाली वळलेली असते. शेपूट आखूड व गडद असते. मादीच्या आणि साध्या वेषातील नराच्या डोळ्यावर फिकट भुवईसारखी पुसट रेषा दिसू शकते. बहुतेक पुस्तकांत या पक्ष्याचे मोठे चित्र झळाळत्या नराचे असते आणि साधा वेष कोपऱ्यात लहान आकारात दाखवलेला असतो, किंवा मुळीच नसतो. गोव्यात पक्षी पाहायला बाहेर पडण्याचे सर्वांत सुखाचे महिने म्हणजे नोव्हेंबर आणि डिसेंबर, आणि नेमक्या त्याच महिन्यांत हा नर चित्राशी जुळत नाही. आपला गोंधळ झाला तो नजर कमी पडल्यामुळे नव्हे; चित्र अपुरे असल्यामुळे झाला असावा.

त्याच गवतात दिसणारे इतर लहान पक्षी वेगळे काढण्यासाठी चोच पाहणे पुरेसे होते. मनोल्या गवताचे बी खातात, त्यांची चोच जाड आणि त्रिकोणी असते, आणि त्या थव्याने उठतात. वटवट्या कीटक टिपतो. त्याची चोच बारीक पण जवळजवळ सरळ असते आणि शेपूट लांब असून तो ती वर उभारतो. हिवाळी पाहुणा गप्पीदास गवताच्या उंच काडीच्या टोकाशी ताठ बसतो, जमिनीवर झेपावून किडा उचलतो आणि पुन्हा काडीवर येतो. फुलाशी त्याला काही कर्तव्य नसते. काळ्या रंगामुळे चीरक पक्ष्याचा नर पुढे उन्हाळ्यात झळाळत्या शिंजिराशी घोटाळा करू शकेल, पण तो आकाराने बराच मोठा, दगडांवर व जमिनीवर वावरणारा, आणि त्याच्या खांद्यावर पांढरा पट्टा व शेपटीखाली तांबूस रंग असतो. आपल्या पक्ष्याने फुलात चोच खुपसली होती, ती चोच खाली वळलेली होती का एवढेच पत्रात आलेले नाही. पुढच्या वेळी ते अवश्य टिपून ठेवावे.

सड्यावरचे वर्ष फुलांच्या हिशेबाने पाहिले तर शिंजिराचे येणेजाणे चांगले उमगते. जांभ्या दगडाच्या पातळ मातीवर पावसाळ्यात उमलणारी सीतेची आसवे किंवा तेरड्याच्या जाती कीटकांसाठी असतात. ती फुले नाजूक आणि जमिनीलगतची असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सडा निळा-जांभळा झाला तरी शिंजिराला त्यात फारसा वाटा नसतो. त्या दिवसांत तो गावाजवळच्या झाडापेडांत अधिक भेटतो. पाऊस ओसरू लागला की काठावरच्या झुडपांत मुरुडशेंगेची लालसर फुले असतात, मग दीपमाळ येते, हिवाळा सरता सरता उतारांवर धायटी लालेलाल होते, आणि काटेसावर, पांगारा यांच्यावर तर शिंजिरांबरोबर मैना आणि कोतवालही जमतात. रुई वर्षाचा बराच काळ फुललेली असते आणि रुक्ष सड्यावर तिचा आधार मोठा असतो. धायटी फुलण्याच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, आपल्याला तेच नर अंगावर काळी-पिवळी पिसे एकत्र मिरवताना दिसतील, कारण तेव्हा त्यांचा विणीचा वेष चढत असतो. अशा ठिपकेदार, अर्धवट काळ्या पक्ष्याला काही जण वेगळी जात समजतात. तो जांभळा शिंजीरच असतो.

तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचे काटेकोर उत्तर असे : चंडोल जसा गवताळ माळाशीच बांधलेला आहे, तसा मकरंदावर जगणारा एकही पक्षी गोव्यात नाही; पण मोकळ्या, विरळ झुडपांच्या, गवताळ जागी वावरणारा शिंजीर आहे आणि तो जांभळा शिंजीर आहे. ज्या सड्यावर 'साफसफाई' म्हणून झुडपे मुळासकट काढली जातात किंवा वाळलेल्या गवताला आग लावली जाते, तिथे गवत पुढच्या पावसात पुन्हा येते, परंतु धायटीसारखी झुडपे पूर्ववत उभी राहण्यास वर्षे लागतात आणि तोवर शिंजिराला त्या सड्यावर यायला कारण उरत नाही. आपण शाळेत शिकवता. मुलांना एखाद्या सड्याची वर्षभराची फुलनोंद आणि त्या फुलांवर आलेल्या पक्ष्यांची नोंद एकाच वहीत ठेवायला सांगितलीत, तर ती नोंद गावालाही उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागायतीत, फेब्रुवारीत केळफुलांवर आणि जास्वंदीवर काळेभोर शिंजीर येतात. मी त्यांना जांभळा शिंजीर समजत होतो, परंतु एका मित्राने त्यांपैकी एक लोटेनचा शिंजीर असल्याचे सांगितले. दोघांतील फरक दुर्बिणीशिवाय कळेल का? त्याशिवाय आणखी दोन-तीन प्रकारचे रंगीत शिंजीर तिथे दिसतात, त्यांचीही माहिती द्यावी.
— एक बागायतदार, फोंडा

उत्तर : मित्राचे म्हणणे बरोबर असण्याचा पुरेपूर संभव आहे, कारण कुळागर ही लोटेनच्या शिंजिराला मानवणारी जागा आहे. जांभळा शिंजीर अरबस्तान-इराणपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेला आणि कोरड्या, मोकळ्या मुलखातही राहणारा पक्षी आहे. लोटेनचा शिंजीर मात्र भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका एवढ्यापुरताच आहे आणि त्याला दाट झाडी, माडांची व सुपारीची बागायत अधिक आवडते. अठराव्या शतकात श्रीलंकेत डच गव्हर्नर असलेल्या योआन गिडिओन लोटेन यांचे नाव त्याला मिळाले आणि स्वीडिश निसर्गवैज्ञानिक लिनीअसने 1766 मध्ये त्याचे वर्णन केले.

दुर्बीण नसतानाही पहिला फरक कळतो, आणि तो चोचीचा. लोटेनच्या शिंजिराची चोच डोक्याच्या मानाने स्पष्टपणे लांब आणि कोयत्याच्या पात्यासारखी ठळक वळलेली असते. जांभळ्या शिंजिराची चोच त्यापेक्षा आखूड आणि कमी वळणाची असते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर नुसती आकृती दिसत असली तरी हे जाणवते, आणि उजेड समोरून येत असताना, जेव्हा कुठलाच रंग दिसत नाही, तेव्हा तर चोचीवरच भिस्त ठेवावी लागते. दुसरा फरक पोटाचा. जांभळ्या शिंजिराचे पोट पाठीइतकेच निळसर काळे असते. लोटेनच्या नराचे पोट धुरकट तपकिरी असते, पंखही तपकिरी असतात, आणि चमकदार छाती व तपकिरी पोट यांच्यामध्ये रुंद तांबूस-किरमिजी पट्टा असतो. या पट्ट्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण जांभळ्या शिंजिराच्या छातीवरही कधी कधी अरुंद तांबूस पट्टा असतो. दोन्ही नर प्रणयाराधनात किंवा भांडणात काखेजवळची पिवळी पिसे फुलवतात. तेव्हा ती दिसली म्हणून जात ठरवता येत नाही. माद्यांच्या बाबतीत चोचीची लांबी हाच विश्वासाचा आधार आहे. पहिल्या पत्राला उत्तर देताना सांगितलेल्या काळ्या रेघेबाबतही हाच इशारा द्यायला हवा : रंग बदलत असलेल्या तरुण लोटेनच्या नरालाही गळ्यापासून खाली गडद पट्टा असू शकतो, म्हणून रेघ दिसली तरी चोच पाहण्याचे टाळू नये.

कुळागरातील इतर रंगीत शिंजिरांपैकी सर्वांत नेहमीचा तो पंचरंगी शिंजीर. नराची पाठ गडद किरमिजी, डोक्यावर आणि खांद्यावर हिरवी चमक, कमरेवर जांभळी चमक, छातीवर किरमिजी पट्टा, त्याखाली लख्ख पिवळे पोट आणि कुशीला पांढरा रंग असतो. हा नर वर्षभर याच वेषात राहतो. त्याला साधा वेष नसतो, त्यामुळे नोव्हेंबरातही तो चटकन ओळखू येतो. त्याच्या मादीचा गळा पांढरट राखी आणि छाती पिवळी असते, तर जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळाही पिवळाच असतो. दोन माद्यांमधला हा फरक लक्षात ठेवला तर अर्धे घोटाळे मिटतात.

याहून लहान, जेमतेम 8 सेंटिमीटरचा, पाठीवर गडद लाल रंग असलेला शिंजीर आपल्याला दिसला असेल तर तो पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही न आढळणारा छोटा शिंजीर होय. जंगलाला लागून असलेली कुळागरे त्याला प्रिय आहेत. त्याच्या मादीच्या कमरेवरही लाल रंग असतो आणि इतर कुठल्याही मादीशी ती घोटाळा करत नाही. मोले, बोंडला, नेत्रावळी या बाजूच्या जंगलात लालभडक छातीवर पिवळ्या बारीक रेषा असलेला, आकाराने थोडा मोठा, व्हिगर्सचा शिंजीर भेटतो. तोही पश्चिम घाटाचाच रहिवासी. या दोन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी 1832 मध्ये केले. रानकेळींच्या फुलांवर फारच लांब चोचीचा, राखी गळ्याचा आणि पिवळ्या पोटाचा पक्षी दिसला, तर तो शिंजिरांच्याच कुळातला कोळीखाऊ असतो. कोळीखाऊचे नर-मादी सारखेच दिसतात आणि चमकदार पिसे दोघांनाही नसतात. फोंड्याच्या बागायतीत एकाच सकाळी यांपैकी चार जाती दिसणे अशक्य नाही, आणि अशी बागायत आपल्या ताब्यात आहे ही फार मोलाची गोष्ट आहे.

प्रश्न : माझे मामा नैरोबीत राहतात. त्यांनी केनियातील डोंगराळ गवताळ भागात टिपलेले छायाचित्र पाठवले आहे. पक्षी हिरवा, धातूसारखा चमकणारा, शेपटीतून दोन लांब पिसे बाहेर आलेली, आणि तो आपल्या दीपमाळेसारख्याच नारिंगी फुलांवर बसलेला आहे. हा कोणता पक्षी? असा पक्षी भारतात येतो का?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : छायाचित्रातील वर्णन मॅलॅकाइट शिंजिराच्या नराशी जुळते. मॅलॅकाइट हे गडद हिरव्या रंगाच्या खनिजाचे नाव आहे आणि या पक्ष्याचा रंग अगदी तसाच असतो. पेडण्याच्या वाचकाने विचारलेला 'मकरंद पिणारा गवताळ भागातला पक्षी' खऱ्या अर्थाने पाहायचा तर तो आफ्रिकेतच पाहावा लागतो. इथिओपियाच्या उंच प्रदेशापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, पूर्व आफ्रिकेत विशेषतः उंचावरची गवताळ कुरणे, झुडपांचे उतार आणि तिथल्या बागा हे त्याचे घर आहे. तेथील गवतात कोरफडीच्या जातींचे दांडे आणि दीपमाळेच्या भाऊबंद झुडपांची नारिंगी फुले भरपूर असतात, म्हणूनच मोकळ्या उतारावरही इतक्या मोठ्या शिंजिराचा निर्वाह होतो. विणीच्या वेषातील नर शेपटीच्या लांब पिसांसह सुमारे 25 सेंटिमीटर भरतो, म्हणजे आपल्या जांभळ्या शिंजिराच्या अडीचपट. शेपटीची लांब पिसे नसल्यामुळे मादी बरीच आखूड, तपकिरी-पिवळट असते. वीण संपली की हा नरही आपल्या जांभळ्या शिंजिराप्रमाणे तपकिरी-पिवळ्या वेषात जातो आणि त्यावर हिरव्या पिसांचे ठिगळ तेवढे राहते.

मामांनी छायाचित्र नेमके किती उंचीवर घेतले ते विचारून घ्यावे. माउंट केनियासारख्या पर्वतांवर, झाडांची सीमा ओलांडून वर गेले की, लोबेलिया नावाची महाकाय फुलझाडे असलेल्या गवताळ माळांवर याच्याशी दिसायला जवळचा असा दुसरा हिरवा, लांब शेपटीचा शिंजीर राहतो. दोघांतला फरक काखेजवळच्या पिसांत आहे : मॅलॅकाइट शिंजिराची ती पिसे पिवळी, तर उंच पर्वतावरच्या शिंजिराची लालभडक असतात, आणि त्याच्या मादीलाही तशी लाल पिसे असतात. ही पिसे एरवी पंखांखाली झाकलेली राहतात, त्यामुळे एकच छायाचित्र पुरेसे होईलच असे नाही. पक्षी अंग फुलवून बसला असेल तर मात्र एका नजरेत निर्णय होतो.

भारतात यांपैकी कोणताही शिंजीर येत नाही. हे पक्षी फुलांच्या मागे डोंगराच्या वर-खाली फिरतात, पण समुद्र ओलांडून स्थलांतर करत नाहीत.

प्रश्न : संध्याकाळी आमच्या अंगणातील फुलझाडांवर पंख भिरभिरवत, हवेत स्थिर राहून मकरंद पिणारा इवलासा पक्षी येतो. मुले त्याला हमिंगबर्ड म्हणतात. ते बरोबर आहे का?
— एक गृहिणी, वाळपई

उत्तर : हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात, भारतात एकही जात नाही. शिंजिरांशी त्यांचे जवळचे नाते नाही. दोघांनीही मकरंद पिण्याचा एकच व्यवसाय वेगवेगळ्या खंडांत पत्करल्यामुळे दोघांच्या चोची लांब, जिभा नळीसारख्या आणि पिसे झळाळती झाली. शिंजीर क्षणभर हवेत थरथरत राहू शकतो, पण शक्य असेल तिथे तो फांदीला किंवा फुलाच्या देठाला धरूनच पितो. आपण पाहिलेला जीव हवेतच राहून एका फुलावरून दुसऱ्यावर जात असेल आणि एकदाही बसला नसेल, तर तो बहुधा पक्षी नसून दिवसा व तिन्हीसांजेला उडणारा हॉकमॉथ पतंग असावा. नीट पाहिल्यास त्याच्या डोक्यावर दोन मिशा दिसतील आणि फुलातून बाहेर निघताना त्याची 'चोच' गुंडाळली जाताना दिसेल, कारण ती चोच नसून सोंड असते. शिंजीर अंधार पडण्याच्या आत झोपायला जातात, हेही लक्षात ठेवावे. मुलांचे निरीक्षण मात्र बारीक आहे. पुढच्या वेळी त्यांना पाय आणि मिशा शोधायला सांगावे.

प्रश्न : व्हरांड्यातील कपडे वाळवण्याच्या तारेवर शिंजिराने घरटे टांगले आहे. ते जांभळ्या शिंजिराचे आहे हे कसे ओळखावे, आणि मादीसाठी साखरपाणी ठेवावे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जांभळ्या शिंजिराचे घरटे लांबट थैलीसारखे असते. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, गवताच्या काड्या, सालीचे तुकडे यांनी ते विणलेले असते. बाजूच्या दारावर छपरासारखा पुढे आलेला भाग असतो. लोटेनचा शिंजीर पुष्कळदा एकत्र राहणाऱ्या कोळ्यांच्या दाट जाळ्यातच घरटे करतो आणि त्याच्या दारावर सहसा असे छप्पर नसते. तरीही नर जवळपास येईल तेव्हा त्याची चोच पाहूनच जात पक्की करावी. पंचरंगी शिंजिराचे घरटेही अशाच थैलीचे असते आणि घरांजवळ तोही तितक्याच विश्वासाने वीण करतो.

साखरपाणी ठेवू नये. ते उन्हात लवकर आंबते, त्यावर मुंग्या येतात, आणि पिल्लांना त्याचा उपयोग नसतो, कारण शिंजीर पिल्लांना मुख्यतः कीटक आणि कोळी भरवतात. जवळच्या झाडांवर कीटकनाशक फवारले नाही तर तेवढी मदत पुरे आहे. मादी एकटीच अंडी उबवते आणि जांभळ्या शिंजिराच्या बाबतीत त्याला सुमारे 15 ते 17 दिवस लागतात. या काळात तार हलवू नये, घरट्यात डोकावू नये आणि रात्री तिथला दिवा शक्यतो बंद ठेवावा. पिल्ले बाहेर आल्यावरही आई-बाप काही दिवस त्यांना आसपास भरवत राहतात. ती सर्व व्हरांड्यातून निघून गेल्याची खात्री झाल्यावर तार पुन्हा वापरण्यास हरकत नाही.